विश्लेषण : हातपाय लुळे पडले, पण बिघाड नेमका कुठे? मेंदूत, मज्जारज्जूत की मज्जातंतूंत?

सकाळी उठल्यावर उजवा हात उचलत नाही. दुचाकीवरून पडल्यानंतर दोन्ही पाय हलत नाहीत. जुलाब होऊन गेल्यावर आठवड्याभराने जिना चढताना पाय लटपटू लागतात. या तिन्ही वेळी घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते, 'लकवा मारला'. प्रत्यक्षात पहिल्या रुग्णात बिघाड मेंदूत असू शकतो, दुसऱ्यात मज्जारज्जूत आणि तिसऱ्यात मज्जातंतूंत. उपचार, हाती असलेला वेळ आणि बरे होण्याची शक्यता या तिन्हींत वेगवेगळी असते. लुळेपणा शरीराच्या कोणत्या भागात आणि कसा आला, यावरून बिघाडाची जागा बरीचशी ओळखता येते.

मज्जासंस्थेची रचना कशी असते?

मज्जासंस्थेचे दोन मुख्य विभाग आहेत. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. तेथून निघून त्वचा, स्नायू आणि आतल्या अवयवांपर्यंत पोहोचणारे मज्जातंतू म्हणजे परिघीय मज्जासंस्था. मेंदूतून थेट निघणाऱ्या तंतूंच्या १२ जोड्या असतात, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने ते जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. मज्जारज्जू हा करंगळीएवढ्या जाडीचा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा दोर. तो पाठीच्या मणक्यांमधील पोकळीत सुरक्षित असतो.

मज्जातंतूंवर विजेच्या वायरीवर असते तसे आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. या आवरणामुळे संदेश वेगाने धावतो. जाड आवरणाच्या तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक असू शकतो, तर आवरण नसलेल्या तंतूंत तो एक-दोन मीटरच असतो. पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटतो तेव्हा आपटल्याचे आधी कळते आणि ठणका किंचित उशिरा सुरू होतो, तो यामुळेच.

मराठीत 'नस' हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे 'नस दबली' असे सांगणाऱ्या रुग्णाला नेमके काय झाले आहे, हे अनेकदा त्याच्या घरच्यांनाही उमगत नाही. मज्जातंतूतून रक्त वाहत नाही, तेथून फक्त संदेश जातात. पण त्या तंतूला आणि मेंदूला जगवणारे रक्त रक्तवाहिन्यांतूनच येते. म्हणून रक्तवाहिनी तुंबली की मज्जापेशी मरू लागतात.

डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा हात का लुळा पडतो?

हालचालीचा हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतो आणि खाली मज्जारज्जूकडे येतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यापाशी यातील बहुतेक तंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. त्यामुळे मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की शरीराची उजवी बाजू दुबळी होते. एकाच बाजूचा चेहरा, हात आणि पाय अचानक दुबळे पडले, तर बिघाड मेंदूत असल्याची शंका डॉक्टर आधी घेतात.

बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. म्हणून उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाची अनेकदा वाचाही जाते. काहींना समोरच्याचे सगळे कळते, पण शब्द फुटत नाही. काही जण सरळ, न अडखळता बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचे बोलणेही त्यांना कळत नाही.

उजव्या भागाला इजा झाली तर वेगळाच प्रकार दिसू शकतो. रुग्णाचे डोळे चांगले असतात, पण डावीकडच्या जगाकडे त्याचे लक्षच जात नाही. तो ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवतो आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना वाटते, तोंडाची चव गेली. ताट फिरवून ठेवले की तो तीच कोशिंबीर खातो. मागच्या बाजूच्या लहान मेंदूला इजा झाली, तर हातापायांतील जोर टिकतो, पण तोल जातो, बोलणे जड होते आणि चाल दारू प्यायल्यासारखी होते. अशा रुग्णाला लोक मदत करण्याऐवजी टाळतात आणि मोलाचा वेळ जातो.

मेंदूच्या कोणत्या भागाचे काय काम, हे कसे कळले?

बरेचसे ज्ञान इजा झालेल्या माणसांकडूनच मिळाले. १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला आणि पुढे ११ वर्षांहून अधिक जगला. मात्र पूर्वीचा शिस्तशीर माणूस हट्टी आणि शिवराळ झाल्याचे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवले. कपाळामागचा मेंदू स्वभावाशी आणि निर्णयाशी जोडलेला आहे, या विचाराला त्यातून चालना मिळाली.

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात होती. तो भाग आजही 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणून ओळखला जातो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे आकडीचे झटके थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. नुकत्याच भेटलेल्या माणसाला तो काही मिनिटांत विसरे. २००८ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत शास्त्रज्ञ स्मरणशक्तीविषयी त्याच्याकडून शिकत राहिले.

पक्षाघातात वेळ एवढी महत्त्वाची का?

पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते. उरलेल्यांत ती फुटते. मोठी रक्तवाहिनी बंद पडून उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेच्या साहाय्याने गुठळी बाहेर काढता येते, पण ती सोय सर्वत्र नाही.

रुग्ण झोपेतून लुळा उठला तर वेळ जाग आल्यापासून मोजली जात नाही. तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, तेथून ती मोजतात. म्हणून 'रात्री किती वाजता बोलत होता?' या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना देता आले पाहिजे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला वाकते का, दोन्ही हात समोर धरल्यावर एक हात खाली येतो का, साधे वाक्य बोलताना जीभ अडखळते का? यापैकी एकही गोष्ट अचानक घडली, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे. तेलाने चोळत बसणे, तोंडात पाणी घालणे, रक्तदाबाची गोळी मनाने देणे हे सगळे टाळावे. गिळण्याची शक्ती कमी झालेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरीनही स्कॅनआधी घरी देऊ नये, कारण रक्तवाहिनी फुटलेली असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली, तरी ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते. त्याच दिवशी तपासणी हवी.

मज्जारज्जूला इजा झाली तर काय होते?

मज्जारज्जू तुटला किंवा चेपला गेला की त्या पातळीच्या खालचा संपर्क दोन्ही बाजूंनी तुटतो. हुकूम खाली जात नाहीत आणि संवेदना वर येत नाहीत. म्हणून येथे लुळेपणा उजवा-डावा असा न दिसता वर-खाली दिसतो. छातीच्या पातळीवर इजा झाली तर हात चालतात, पाय जातात. मानेच्या खालच्या भागात झाली तर पाय जातात आणि हातांचा पंजाही दुबळा होतो. मानेच्या वरच्या भागात झाली तर श्वासही धोक्यात येतो, कारण श्वासपटलाला हुकूम देणारे तंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात. इजा अर्धवट असेल तर काही हालचाल किंवा संवेदना शिल्लक राहते आणि सुधारणेची आशा जास्त असते.

पायांचा लुळेपणा सर्वांना दिसतो. लघवी आणि शौचावरचा ताबा जातो, हे चारचौघांत बोलले जात नाही. मूत्राशय वेळेवर रिकामे झाले नाही तर मूत्रपिंडे बिघडतात. एका कुशीवर पडून राहिल्याने त्वचेला जखमा होतात आणि संवेदना नसल्याने रुग्णाला त्या कळत नाहीत. अंथरुणावरच्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. इजेतून वाचलेल्या रुग्णाचा जीव पुढे या दोन कारणांनीही धोक्यात येऊ शकतो.

मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा तंतूंचा झुपका असतो. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिले जाणारे भुलीचे इंजेक्शन या टोकाच्या खाली देतात. त्यामुळे 'सुई मज्जारज्जूत शिरते' ही भीती अनाठायी आहे. मात्र कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या आतील बाजू व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर हा झुपका दबल्याची शंका असते. तेव्हा मालीश नको, तातडीने रुग्णालय गाठावे.

अपघातग्रस्ताला उचलताना काय चुकते?

मणका मोडला तरी मज्जारज्जू शाबूत असू शकतो. रस्त्यावरचे लोक मदतीच्या भावनेने जखमीच्या काखेत हात घालून त्याला ओढतात, उठवून बसवतात आणि दुमडून रिक्षात घालतात. मोडलेल्या मणक्याची कड त्या वेळी मज्जारज्जूत रुतू शकते. नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, इमारतीच्या परातीवरून किंवा विहिरीत पडलेल्यांबाबतही हीच काळजी हवी.

आग, पाणी किंवा धावत्या वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. हलवणे भागच असेल तर तीन-चार जणांनी मिळून ओंडका वळवावा तसे सगळे अंग एकाच वेळी वळवावे आणि सपाट, कडक फळीवर घ्यावे. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही सोडायला हवी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

पुण्यातील जीबीएसच्या साथीत काय बिघडले होते?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिलान-बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित व निश्चित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. दूषित पाण्याचा संशय होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला.

या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू शाबूत असतात, बिघडतात ते परिघीय मज्जातंतू. जुलाब किंवा तापाच्या जंतूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर, अनेकदा त्यांच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. लुळेपणा बहुधा पायांपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि काही दिवसांत वर सरकतो. काही रुग्णांत तो छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि त्यांना व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडतात. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात.

बिघाड मध्यवर्ती आहे की परिघीय, हे ओळखण्यासाठी डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात. ती प्रतिक्रिया मेंदूपर्यंत जात नाही, मज्जारज्जूतूनच परतते. मेंदू किंवा मज्जारज्जूतील इजेनंतर सुरुवातीला पाय ढिले पडले, तरी पुढे ते ताठर होतात आणि हातोडीने जोरात उडतात. मज्जातंतू बिघडला असेल तर पाय ढिलाच राहतो, उडत नाही आणि स्नायू सुकत जातात.

वेदना न होणे धोक्याचे का?

तापलेल्या तव्याला बोट लागले की जळल्याचे कळण्याआधीच हात मागे येतो. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांचा हात तव्यावरच राहतो. मधुमेहात सर्वात लांब तंतू आधी खराब होतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो, म्हणून बधिरपणा तळव्यांपासून सुरू होतो. चपलेतला खिळा टोचतो, पण कळत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय कापण्याची वेळ येते. मधुमेहींनी रोज रात्री तळवे पाहणे आणि अनवाणी न चालणे, हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

कुष्ठरोगाचा जिवाणूही मज्जातंतूंच्या आवरणपेशींत राहतो. बोटे रोगाने 'झडतात' हा समज चुकीचा आहे. वेदना नसल्याने होणाऱ्या भाजण्या, कापण्या आणि जंतुसंसर्ग यांमुळे ती झिजतात. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा समाजाला घृणा वाटत होती ती या व्यंगांचीच. आज बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. बधिर चट्टा लवकर दाखवला तर मज्जातंतू वाचतात.

तुटलेला मज्जातंतू पुन्हा जुळतो का?

परिघीय मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. कोपरापाशी तुटलेल्या तंतूला बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत स्नायू वाट पाहत थांबत नाहीत. साधारण वर्ष-दीड वर्ष संदेश न मिळालेला स्नायू नंतर जोडला तरी फारसा चालत नाही. दुचाकीच्या अपघातात मानेपासून खांद्याकडे जाणारे तंतू तुटून हात लोंबकळू लागला, तर शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घ्यावा लागतो. 'आपोआप येईल जोर' म्हणत वर्ष काढले तर ही संधी हुकते.

मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतू मात्र असे वाढत नाहीत. तेथील आवरणातील काही प्रथिने वाढ रोखतात आणि जखमेभोवती व्रण तयार होतो. यावर मात करण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत, पण तुटलेला मज्जारज्जू जोडणारा सिद्ध उपचार अद्याप नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशी उपचार हे संशोधनाचा भाग म्हणूनच करता येतात. त्यासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागितले जात असतील, तर शेत किंवा दागिने विकण्याआधी न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा.

मग पुनर्वसनाने काय साध्य होते?

मेलेल्या पेशी परत येत नसल्या तरी उरलेल्या पेशी नवे जोड तयार करतात आणि गेलेल्या भागाचे काही काम उचलतात. हे सरावाने घडते. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यामुळे फिजिओथेरपी प्रकृती स्थिर होताच सुरू करावी लागते. घरच्यांनी मायेपोटी प्रत्येक घास भरवला, तर दुबळ्या हाताला शिकण्याची संधी मिळत नाही.

मज्जारज्जूच्या इजेत पुनर्वसनाचा अर्थ केवळ चालणे असा नसतो. पलंगावरून व्हीलचेअरवर स्वतः सरकणे, नळीने स्वतः मूत्राशय रिकामे करणे, त्वचा रोज तपासणे, हे जमले की माणूस घराबाहेर पडू शकतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातील एक मणक्यात. ते पोहायला शिकले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक रुग्ण पदकापर्यंत पोहोचणार नाही. पण इमारतीला उतार आणि स्वच्छतागृहाला रुंद दार असेल, तर त्यांच्यातले अनेक जण कामावर नक्कीच पोहोचू शकतात.